‘विषय’ पुरे झाले

‘साबर बोंडं’ पाहून बाहेर पडलो तेव्हा जिन्यावर पुढे चाललेले गृहस्थ पत्नीला म्हणाले, “विषय धाडसी आहे हो.” त्यांचे डोळे ओले होते. तरी तोंडून निघालं ते ‘विषय’च. दोष त्यांचा नाही. वीस वर्षं आम्ही समीक्षकांनी त्यांना हाच एक शब्द शिकवला आहे.

‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं आणि ‘वेगळा विषय’ हे मराठी सिनेमाचं चलनी नाणं झालं. ‘श्वास’मध्ये खरं तर आपण पाहिला तो डोळ्याचा कर्करोग नव्हे, उद्या नातवाची दृष्टी जाणार म्हणून आज त्याला शहर दाखवायला निघालेला म्हातारा पाहिला. धडा मात्र उलटा घेतला गेला. एकेक आजार, एकेक सामाजिक प्रश्न हेरून चित्रपट निघू लागले. सुमित्रा भावे यांच्यासारख्या थोड्यांनीच आजारामागचा माणूस सोडला नाही. ‘अस्तु’तले शास्त्री हत्तीमागे चालू लागतात तेव्हा स्मृतिभ्रंश हा शब्दसुद्धा आपल्याला आठवत नाही.

आता ‘साबर बोंडं’. 2025च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रांतलं ग्रँड ज्युरी पारितोषिक रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला मिळालं. वडील जातात, मुंबईतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. घर भरलेलं, आणि जो येतो तो लग्नाचं विचारतो. आई त्याच्या आणि त्या प्रश्नाच्या मध्ये उभी राहते. मुलीने फसवलं, असं काहीबाही सांगून नातेवाइकांना परतवते. तिला सगळं ठाऊक आहे. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही. बाल्या भेटतो, शेळ्यांमागे फिरणारा, त्याच्यासाठी फळं काढून आणणारा. दोन पुरुषांचं प्रेम हा इथला विषय असेलही. पण मला दिसलं ते एवढंच, की ज्या घरात मोठ्याने रडायला माणसं जमली आहेत, त्याच घरात एकाला आपलं सुख हळू आवाजात ठेवावं लागतंय. सुतकात घरी राहिलेल्या प्रत्येकाला हे दहा दिवस माहीत आहेत. म्हणूनच हा चित्रपट ‘त्यांचा’ नाही, आपला आहे.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ही त्याच जातीचा. चंद्रपूर जिल्ह्यातली सविता पाटावर बसते, नाव, शिक्षण, उंची सांगते, पाहुणे उठतात. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दिग्दर्शक पुनरावृत्तीला घाबरत नाही, कारण मुलीचा अपमान पुनरावृत्तीतच आहे. एका खेपेत तो दाखवताच येत नाही. हुंड्यावर भाषण ठोकणारं पात्र घालणं सोपं होतं. त्याने आपल्याला तिच्याशेजारी बसवलं.

ही वाट काही कालची नाही. ‘फँड्री’त डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. ‘कोर्ट’मधली सरकारी वकील लोकलमध्ये नवऱ्याच्या मधुमेहासाठी ऑलिव्ह तेलाची चौकशी करते. नागराज मंजुळे आणि चैतन्य ताम्हाणे यांनी जात आणि न्यायव्यवस्था यांवर जे सांगितलं, ते या दोन प्रसंगांत आहे. बाकी कुठलाही संवाद काढून टाकला तरी चालेल.

शिवकालीन पटांबद्दल एका वाक्यात सांगतो: तलवारी मोजता येतात, माणसं नाहीत. मैत्रिणींच्या सहलीचे चित्रपट हसवतात आणि पार्किंगपर्यंत टिकतात. चरित्रपटांत नटाचा मेकअप उत्तम असतो.

माझा राग त्यांच्यावर फारसा नाही. राग आहे तो संहिता ऐकताना पहिल्याच मिनिटाला “विषय काय?” असं विचारणाऱ्या निर्मात्यावर, आणि परीक्षणाच्या पहिल्या ओळीत “महत्त्वाच्या विषयाला हात घातला आहे” असं लिहून मोकळं होणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंवर. विषयाला हात घालणं हे कर्तृत्व नव्हे. वर्तमानपत्र रोज वीस विषयांना हात घालतं. सिनेमाने तो अनुभव माझ्या अंगावरून जाऊ द्यायला हवा. त्यासाठी बघत थांबायची तयारी लागते, आणि तीच आपल्याकडे सगळ्यात आधी कापली जाते. “संथ आहे” हा आपल्याकडे अजूनही आरोप आहे. ‘विहीर’वर तो झाला, ‘स्थळ’वर झाला. बापाच्या मरणानंतरचे दहा दिवस कुणाचे वेगाने गेलेत?

असे चित्रपट आपल्या गावात येतात तेव्हा दुपारचा एखादा खेळ मिळतो, आणि शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी तोही जातो. तेव्हा परीक्षणाची, माझ्याही, वाट पाहू नका. शुक्रवारीच जा.