संख्या आणि प्रामाण्य : रुमानियन विकिपीडियाच्या वाढीची मीमांसा

ज्ञानकोशाचा मोठेपणा त्याच्या खंडांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा जुनी आहे. छापील कोशांच्या बाबतीत ही प्रथा फारशी घातक ठरली नाही. प्रत्येक खंडामागे संपादक, लेखक, मुद्रक आणि वर्गणीदार यांचे श्रम व द्रव्य उभे असे, आणि त्यामुळे संख्येला आपोआपच काही वजन प्राप्त होई. आंतरजालावरील ज्ञानकोशाला हा आधार नाही. तेथे एखादी तयार यादी यंत्राच्या स्वाधीन केली की अल्पावधीत सहस्रावधी नोंदी उभ्या राहू शकतात. स्वयंसेवकांनी सिद्ध केलेला रुमानियन भाषेतील विकिपीडिया हे या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरण आहे. जुलै २००३ मध्ये आरंभ झालेल्या या कोशाने २००८ च्या प्रारंभी एक लक्ष नोंदींचा टप्पा गाठला, आणि आज त्याची नोंदसंख्या पाच लक्षांच्या घरात आहे. सुमारे अडीच कोटी लोकांच्या भाषेने दोन दशकांत येथवर मजल मारावी, ही गोष्ट सकृद्दर्शनी दिपवून टाकणारी आहे. तथापि ही वाढ नेमकी कशाची, हा प्रश्न संख्येने सुटत नाही. उलट संख्येमुळेच तो उपस्थित होतो.

या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येण्यासाठी रुमानियन कोशवाङ्मयाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे अवश्य आहे. रुमानियन भाषेतील पहिला सर्वसंग्राहक ज्ञानकोश सिबिऊ येथे १८९८ ते १९०४ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक कॉर्नेल दियाकोनोविच हे असून, १८६१ मध्ये स्थापन झालेली 'आस्त्रा' ही ट्रान्सिल्व्हानियातील सांस्कृतिक संस्था त्यामागे उभी होती. सिबिऊ त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. म्हणजे हा कोश राज्यसत्तेच्या आश्रयाने नव्हे, तर परक्या सत्तेखाली नांदणाऱ्या एका समाजाने स्वतःच्या हिमतीवर निर्माण केला. पुढे समाजशास्त्रज्ञ दिमित्रिए गुस्ती यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या 'एन्चिक्लोपेदिया रोमनिएइ' या कोशाचे १९३८ ते १९४३ या काळात चार खंड निघाले आणि ती योजना अपुरीच राहिली. साम्यवादी राजवटीत १९६२ ते १९६६ या काळात चार खंडांचा कोश बाहेर पडला. पण त्यात काय यावे आणि काय येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार वाचकाला वा लेखकाला नव्हता.

शब्दकोशांची कहाणीही अशीच आहे. बोग्दान पेत्रिचेइकू हाश्देऊ यांनी १८८० नंतरच्या काळात हाती घेतलेला व्युत्पत्तिकोश 'बर्बात', म्हणजे पुरुष, या शब्दापाशी थांबला; वर्णमालेतील 'ब' हे अक्षरही त्यांना ओलांडता आले नाही. अकादमीच्या बृहत्कोशाचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी सेक्स्तिल पुश्कारिऊ यांच्याकडे आले आणि त्याची सांगता २०१० साली झाली. अपुरे राहणे हाच जणू या परंपरेचा स्थायीभाव होता.

या परंपरेला आणखी एका आठवणीची जोड द्यावयास हवी. १९८३ च्या एका हुकुमान्वये रुमानियात टंकलेखनयंत्र बाळगण्यासाठी पोलिसांची अनुज्ञा आवश्यक करण्यात आली, आणि त्या यंत्राच्या अक्षरांचा नमुनाही त्यांच्याकडे सादर करावा लागे. यानंतर बरोबर वीस वर्षांनी त्याच भाषेत असा एक ज्ञानकोश सुरू झाला की ज्यात कोणालाही, कोणाचीही अनुज्ञा न घेता, लिहिता व दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करता येते. डिसेंबर १९८९ मध्ये कोसळलेल्या राजवटीत ज्यांचे बालपण गेले, अशा पिढीला नोंदींची वाढती संख्या विजयचिन्हासारखी वाटली असल्यास ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. पण स्वाभाविक आनंद हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

या कोशाच्या वाढीतील एक मोठा वाटा यंत्राने रचलेल्या नोंदींचा आहे. ठराविक साच्यात माहिती भरून नोंदी तयार करणाऱ्या अशा आज्ञावलीला मराठी विकिपीडियावर 'सांगकाम्या' असे समर्पक नाव रूढ आहे. या सांगकाम्यांनी रुमानियन कोशात फ्रान्समधील हजारो ग्रामपालिकांच्या नोंदी आणल्या. अमुक गाव अमुक विभागात आहे आणि अमुक वर्षी त्याची लोकसंख्या इतकी होती, एवढाच त्यांचा आशय. भुंगेऱ्यांच्या जातींविषयीच्या असंख्य नोंदी याहूनही त्रोटक आहेत. ही भुंगेऱ्याची एक जात आहे, हिचे शास्त्रीय नाव अमुक शास्त्रज्ञाने अमुक वर्षी प्रथम प्रसिद्ध केले, येथे नोंद संपते. कीटकाचा रंग, आकार, अन्न, वसतिस्थान यांविषयी अवाक्षर नाही. अशा नोंदीत असत्य काहीच नसते. पण तीत ज्ञानही नसते. जिज्ञासू वाचक जे विचारण्यासाठी नोंद उघडील त्याचे उत्तर तीत नाही, आणि जे आहे ते शोधण्यासाठी कोणी रुमानियन कोशाकडे वळणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, त्रोटक नोंद ही बीजासारखी असते. आज एक वाक्य असले तरी उद्या तेथे लेख उभा राहील. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. रुमानियातील सुमारे तेरा हजार खेड्यांच्या नोंदीही मुख्यतः साच्यातूनच निर्माण झाल्या: गावाचे नाव, जिल्हा, जनगणनेतील लोकसंख्या. परंतु त्यांचे भवितव्य भुंगेऱ्यांच्या नोंदींसारखे नव्हते. खेड्याला त्याची माणसे असतात. गाव सोडून बुखारेस्टला वा इटलीला गेलेला मनुष्यही आपल्या गावाची नोंद उघडतो, तीत चूक आढळली तर अस्वस्थ होतो, आणि पुष्कळदा ती स्वतः दुरुस्त करतो. म्हणून यंत्राने नोंद करणे हे मुळातच दूषणीय होय, असे म्हणता येणार नाही. त्या भाषेच्या समाजात त्या नोंदीला कोणी धनी आहे काय, ही खरी कसोटी होय. धनी असेल तर एका वाक्याची नोंदही रुजते. नसेल तर ती केवळ संख्येत भर घालते आणि शुद्ध करावयाच्या मजकुराचा बोजा थोड्या जाणत्या संपादकांवर टाकते.

या कसोटीला उतरणारी वाढ रुमानियन विकिपीडियात निश्चितपणे आहे. लाकडी चर्चवास्तूंच्या नोंदी हे तिचे ठळक उदाहरण होय. मारामुरेश भागातील अशा आठ वास्तू १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या. पण रुमानियाच्या खेड्यापाड्यांत विखुरलेल्या अशाच शेकडो लहान वास्तूंना जगाच्या कोशांत स्थान नव्हते. स्वयंसेवकांनी त्यांच्या स्वतंत्र नोंदी केल्या. देशाच्या अधिकृत ऐतिहासिक स्मारकसूचीतील हजारो स्मारके त्यांनी जिल्हावार याद्यांत मांडली, आणि २०११ पासून होणाऱ्या स्मारक-छायाचित्रणाच्या उपक्रमातून त्या याद्यांना छायाचित्रांची जोड मिळाली. हे काम इंग्रजी वा फ्रेंच कोशाने रुमानियन लोकांसाठी करून ठेवले नसते.

वाढीचा दुसरा प्रकार नोंदसंख्येत मुळीच दिसत नाही; तो अक्षरांच्या बाबतीतील आहे. रुमानियन लेखनात 'स' आणि 'त' या ध्वनींच्या रोमन अक्षरांखाली स्वल्पविरामासारखे चिन्ह दिले की अनुक्रमे 'श' आणि 'त्स' असे उच्चार होतात. हे चिन्ह गाळले तर 'चेहरा' या अर्थाचा 'फात्सा' आणि 'ती मुलगी' या अर्थाचा 'फाता' हे दोन शब्द लेखनात एकरूप होतात. संगणकाच्या आरंभकाळात या अक्षरांसाठी स्वतंत्र संकेत नव्हते; त्यांच्या जागी तुर्की पद्धतीची, खाली आकडा असलेली अक्षरे वापरली जात. १९९९ साली युनिकोड या सर्वलिपिसंकेतात स्वल्पविरामयुक्त अक्षरांना स्वतंत्र स्थान मिळाले. परंतु प्रचारातील संगणकांवर ती दिसू लागण्यास आणखी कित्येक वर्षे गेली. विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी प्रथम व्यवहारासाठी जुनी अक्षरे चालवून घेतली, आणि पुढे संपूर्ण कोश शुद्ध अक्षरांत आणला. येथे काम सांगकाम्यांनीच केले, पण निर्णय माणसांचा होता. यंत्राचा विवेकयुक्त उपयोग कसा असावा याचे याहून चांगले उदाहरण या कोशात नाही.

या समाजाच्या विवेकाची कठीण परीक्षा मोल्दोव्हाच्या प्रश्नाने घेतली. सोव्हिएत काळात तेथील रुमानियन भाषेला 'मोल्दोव्हन' हे निराळे नाव आणि रशियन धर्तीची सिरिलिक लिपी देण्यात आली होती. ऑगस्ट १९८९ मध्ये तेथे रोमन लिपी पुन्हा स्वीकारली गेली. द्नीस्तर नदीपलीकडील फुटीर प्रदेशात मात्र सिरिलिक टिकून राहिली. विकिपीडियाच्या कुटुंबातही 'मोल्दोव्हन' नावाची सिरिलिक आवृत्ती काही काळ होती. दीर्घ वादानंतर २००६ च्या अखेरीस ती बंद करण्यात आली. मोल्दोव्हाच्या घटनान्यायालयाने राजभाषा रुमानियन असल्याचा निर्णय २०१३ साली दिला, आणि कायद्यांतून 'मोल्दोव्हन' हे नाव मार्च २०२३ मध्ये काढले गेले. म्हणजे स्वयंसेवक राज्यसंस्थेच्या पुढे होते. भाषाशास्त्रदृष्ट्या त्यांची भूमिका निःसंशय बरोबर होती. परंतु येथे भाषेचे ऐक्य आणि लिपीचे वैविध्य हे दोन प्रश्न गुंतलेले होते, आणि पहिल्याच्या उत्तरात दुसरा गडप झाला. खुद्द रुमानियन भाषा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिरिलिकमध्येच लिहिली जात होती; १५२१ चे न्याक्शूचे पत्र, जे या भाषेचे सर्वांत जुने ज्ञात संपूर्ण लेखन मानले जाते, तेही त्याच लिपीत आहे. नदीपलीकडच्या शाळेत सिरिलिक शिकलेल्या मुलालाही हा कोश वाचता यावा यासाठी काय करावे, या प्रश्नाला तेव्हा मिळावयास हवे होते तेवढे महत्त्व मिळाले नाही.

येथेच अशा कोशाची अंगभूत मर्यादाही स्पष्ट होते. निःपक्षपाती लेखनाचा नियम तेव्हाच फलद्रूप होतो, जेव्हा विरुद्ध मताचा मनुष्य त्याच पानावर येऊन हरकत घेतो. ट्रान्सिल्व्हानियाचा मध्ययुगीन इतिहास रुमानियन आणि हंगेरियन इतिहासकार भिन्न रीतीने मांडतात. पण त्यांचे लेखन बहुधा भिन्न भाषांतील कोशांत होते. २०२१ च्या जनगणनेनुसार रुमानियात सुमारे दहा लक्ष हंगेरियन आहेत. त्यांच्यापैकी रुमानियन जाणणाऱ्यांनी या कोशात किती लिहिले, हा आकडा एकूण नोंदसंख्येपेक्षा अधिक मोलाचा ठरेल. एकभाषी सहमतीला सत्य समजण्याचा मोह स्वयंसेवी कोशालाही टळत नाही. हुकूम नसला तरी बहुमत असतेच.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे रुमानियनच्या आधी अवघ्या काही आठवड्यांनी झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी भाषकांची संख्या आठ कोटींहून अधिक असता या कोशाची नोंदसंख्या एक लक्षाच्या आसपास आहे. या तफावतीवरून केवळ खेद करणे किंवा भुंगेऱ्यांच्या याद्या मराठीत ओतून ती भरून काढणे, हे दोन्ही मार्ग सारखेच निष्फळ होत. रुमानियन कोशापासून घेण्यासारखे आहे ते अन्यत्र आहे: खेड्यातील लाकडी चर्चची नोंद करणाऱ्याची आस्था, आणि एका अक्षराखालचे चिन्ह बरोबर असावे म्हणून संपूर्ण कोश पुन्हा तपासण्याची चिकाटी. दियाकोनोविचच्या तीन खंडांना जे प्रामाण्य लाभले, ते त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आणि त्यांची जबाबदारी घेणाऱ्या समाजामुळे. पाच लक्ष नोंदींपैकी जितक्यांच्या मागे असा समाज उभा आहे, तितकीच या कोशाची खरी वाढ मानली पाहिजे.