'स्वतः', 'टिळक' आणि 'दगडू'

आत्मचरित्रांचा अभ्यास करताना आपण घटना पाहतो, काळ पाहतो. कोणाचा उल्लेख कोणत्या नावाने केला आहे, तिकडे सहसा लक्ष देत नाही. त्या उल्लेखात लिहिणाऱ्याची जागा ठरलेली असते, एवढेच तीन पुस्तकांच्या आधारे मांडायचे आहे.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' 1910 साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. नवऱ्याचे नाव न घेण्याचा तो रिवाज, असे म्हणून आपण पुढे जातो. पण 'इकडून', 'तिकडे', 'स्वारी' असे इतर शब्दही रिवाजाला मान्य होते. 'स्वतः' हे आत्मवाचक सर्वनाम. आत्मकथनात ते सांगणारीचे असायचे. येथे ते पतीकडे गेले आहे. शीर्षकातल्या 'आमच्या'त दोघे आहेत. मजकुरातले 'स्वतः' मात्र एकच.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने आली. त्या पतीला 'टिळक' म्हणतात. क्रियापद आदरार्थीच आहे, पण नाव चारचौघांच्या तोंडचे आहे. घराबाहेर उभे राहून पाहावे तशा त्या पतीकडे पाहू शकतात. म्हणूनच त्यांचा तापटपणा आणि लहरीपणा त्या हसत सांगतात. 'स्वतः'ला हसता येत नाही, 'टिळकां'ना येते.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एक, नावे दोन. पहिले नाव जातिव्यवस्थेच्या सावलीत मिळालेले, दुसरे लेखनातून कमावलेले. दोघांना समोरासमोर बसवल्यावाचून ही कहाणी सांगता आली नसती.

एकेरी हाक म्हणजे अपमानच, असे मात्र नाही. वारकरी विठ्ठलाला 'तू' म्हणतो, ते प्रेमाने. सवर्णाचे पोर म्हाताऱ्या महाराला 'तू' म्हणे, ते निराळे. व्याकरण दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की तुकोबा विठोबाशी त्याच 'तू'ने भांडू शकतात. त्या म्हाताऱ्याला तसे उलट उत्तर देण्याची सोय नव्हती. आपुलकी आणि अवहेलना ओळखण्याची मला सापडलेली कसोटी हीच: हाक परत करता येते का?

ती आपल्या समीक्षेलाही लावून पाहावी. आपण 'खांडेकर', 'मर्ढेकर', 'कुरुंदकर' लिहितो. पण 'दुर्गाबाई', 'इरावतीबाई', 'लक्ष्मीबाई'. 'बाई'त आदर आहे, हे खरे. आडनावाने घोटाळा होतो, असेही सांगतात. पण केळकर अनेक झाले तेव्हा आपण 'न. चिं.' ही आद्याक्षरे वापरली, कोणाला 'नरसिंहराव' करून घरात बसवले नाही. ज्या लक्ष्मीबाईंनी पतीला आडनावाने जगासमोर उभे केले, त्यांना मात्र आपण पहिल्या नावाने माजघरातच ठेवले.

मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. लिहिण्याच्या रीती छापील लेख वाचूनच उचलल्या. त्यांतलीच ही एक. हा लेख तपासताना दिसले, की वर मीही 'दया पवारांच्या' म्हणून पुढे 'दया' एवढेच कुठे लिहिलेले नाही. 'लक्ष्मीबाई' मात्र सहज लिहून गेलो आहे. ते खोडलेले नाही. वाचकांनी आपापली टिपणे काढून पाहावीत.