परिचितांची संख्या आणि भारांकाचा प्रश्न

सुईद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांसारख्या समूहांची यादी आरोग्य संशोधकास उपलब्ध नसते. अशा वेळी प्रतिसादकानेच कूपन देऊन आपल्या परिचितांना पुढे आणावे, ही पद्धत डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडली. ज्याच्या ओळखी अधिक, तो नमुन्यात येण्याची शक्यता अधिक. म्हणून व्होल्झ व हेकाथॉर्न यांच्या २००८ च्या सूत्रात भारांक परिचितसंख्येच्या व्यस्त प्रमाणात धरला आहे. युक्तिवाद सुसंगत आहे. परंतु ही संख्या येते ती प्रतिसादकाच्या स्मरणातून, आणि माणसे पाच-दहाच्या पटीत उत्तरे देतात. शंका सहसा मोठ्या आकड्यावर घेतली जाते. वस्तुतः ५० ऐवजी १०० सांगितल्यास भारांक ०.०२ वरून ०.०१ होतो, ४ ऐवजी २ सांगितल्यास मात्र ०.२५ वरून ०.५०. म्हणजेच एकाकी प्रतिसादकाची किरकोळ विस्मृती अनुमानास अधिक हलवते. (शून्य हे उत्तर तर, आरंभीचे प्रतिसादक सोडल्यास, असंभवच, कूपन कोणीतरी दिलेलेच असते.) शिवाय 'ओळखणे' म्हणजे नाव ठाऊक असणे, की गेल्या महिन्यात भेट झालेली असणे? संसर्गाचे प्रमाण दशांशापर्यंत देणाऱ्या अहवालाने हा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, हेही छापले पाहिजे.