अंधाराशीं ओळख

आपल्या घरांतील मुलांस अंधाराची ओळख बहुधा जेवणाच्या ताटाजवळ होते. मूल घांस तोंडांत धरून बसतें, आईचे हात कामांत गुंतलेले असतात, आणि मग कोणीतरी वडील माणूस माजघराच्या अंधाऱ्या दाराकडे बोट दाखवून बागुलबुवास हांक मारतें. घांस गिळला जातो. पुढें तेंच मूल सात-आठ वर्षांचें होऊन रात्रीं परसदारीं एकटें जाण्यास कचरूं लागलें, म्हणजे आपण त्यास भित्रें म्हणतों, चारचौघांत हंसतों आणि विज्ञानाचीं चार वाक्यें ऐकवितों. बागुलबुवास घरांत आणून बसविणारे आपणच, हें त्या वेळीं कोणासच आठवत नाहीं.

हा विचार मनांत येण्यास निमित्त झालें तें ‘ओरायन अँड द डार्क’ या ॲनिमेशनच्या इंग्रजी चित्रपटाचें. अमेरिकेंतील ड्रीमवर्क्स या संस्थेचा हा चित्रपट २ फेब्रुवारी २०२४ रोजीं नेटफ्लिक्सवर प्रसिद्ध झाला. त्यामुळें रत्नागिरीसारख्या गांवींहि तो मुंबईबरोबरच, आणि आम्हांस चित्रपटगृहाची पायरी चढावयास न लावतां, घरांत येऊन पोंचला. एमा यार्लेट यांच्या २०१४ मधील एका सचित्र बालपुस्तकावरून चार्ली कॉफमन यांनीं त्याची पटकथा लिहिली असून दिग्दर्शन शॉन चार्माट्झ यांचें आहे. कॉफमन हे मूळचे प्रौढांचे लेखक. माणसाच्या स्मृतींत आणि भ्रमांत शिरून तेथून गोष्ट सांगावयाची, ही त्यांची रीति. ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ (२००४) या चित्रपटाच्या लेखनाबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिकहि मिळालें आहे. असा लेखक मुलांच्या गोष्टीकडे वळला म्हणजे कुतूहल वाटतें, आणि थोडी धास्तीहि वाटते. चित्रपट पाहिल्यावर दोन्ही भावना सकारण होत्या असें म्हणावें लागतें.

कथा थोडक्यांत अशी. ओरायन हा अकरा वर्षांचा मुलगा. मधमाश्या, कुत्रीं, समुद्र, शाळेंतील दांडगट मुलें, आवडत्या मुलीशीं बोलण्याचा प्रसंग, अशा आपल्या साऱ्या भयांचीं चित्रें तो एका वहींत काढून ठेवतो. आणि सर्वांत मोठें भय अंधाराचें. रोज रात्रींचा त्याचा आरडाओरडा ऐकून कंटाळलेला अंधार एकदां स्वतःच त्याच्या खोलींत येऊन उभा राहतो. झगा पांघरलेला, अवाढव्य, परंतु मनानें अत्यंत हळवा असा हा पुरुष आहे. सारें जग आपणांस टाळतें हें त्याचें दुःख आहे. तो ओरायनला एका अहोरात्रीपुरतें बरोबर घेऊन पृथ्वीभोंवतीं फिरवितो आणि आपल्या सोबत्यांची ओळख करून देतो: निद्रा, स्वप्न, शांतता, निद्रानाश, आणि कोठून येतात हें न कळणारे आवाज. पाठीमागून उजेड येतच असतो. ओरायनच्या शंकेखोर बोलण्यानें सोबत्यांचीं मनें फिरतात, ते अंधारास सोडून उजेडाकडे जातात, आणि खचलेला अंधार उजेडापुढें विरून जातो. मग रात्र नाहींशी झालेल्या जगाचे हाल सुरू होतात. ही सर्व हकीकत मोठा झालेला ओरायन आपल्या हायपेशिया नांवाच्या मुलीस सांगत आहे, असें आपणांस मध्येंच कळतें. कारण तिलाहि अंधाराची भीति वाटते.

या चित्रपटाचा पहिला आणि माझ्या मतें सर्वांत मोठा गुण असा कीं, भिण्यासारखें कांहीं नाहींच, असें तो मुलास सांगत नाहीं. येथें एक कबुली देणें मला प्राप्त आहे. माझी मुलगी लहान असतांना बागुलबुवाचा धाक मींहि घातला होता. पुढें तिची भीति घालविण्याची पाळी आली, तेव्हां मीं प्राध्यापकास शोभेल असा मार्ग धरिला. हातांत विजेरी घेऊन माजघर, कोनाडे, कोठीची खोली, पलंगाखालची जागा असें सारें घर तिला दाखविलें आणि विचारिलें, “सांग, कोठें आहे बागुलबुवा?” ती म्हणाली, “बाबा, दिवा लावल्यावर तो कसा असेल? मी अंधारांतलें विचारतें आहे.” तर्काच्या दृष्टीनें तिचें म्हणणें बिनचूक होतें. उजेडांत गोळा केलेला पुरावा अंधारास लागू पडत नाहीं. मीं मात्र हंसून विषय टाळला, आणि त्या रात्रीं ती आपल्या आजीच्या कुशींत जाऊन निजली. ‘ओरायन’मधील बाप विजेरी घेत नाहीं. तो मुलीजवळ बसतो, मीहि तुझ्याएवढा असतांना असाच भीत होतों असें सांगतो, आणि गोष्टीला आरंभ करतो. भीतीस उत्तर देण्यापेक्षां भिणाऱ्यास सोबत देणें अधिक उपयोगाचें, हें ज्या लेखकास उमगलें त्याला मुलांचें मन कळलें आहे यांत संशय नाहीं.

अंधारास नांव देऊन त्याच्याशीं बोलण्याची युक्ति कोंकणास नवी नाहीं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा १९०९ मध्यें वध झाला, त्यांनीं शाळामास्तरांकडून जमविलेल्या माहितीवरून एन्थोव्हेन यांनीं १९१५ मध्यें कोंकणच्या लोकसमजुतींचीं टिपणें प्रसिद्ध केलीं. तीं चाळलीं म्हणजे आमच्या जिल्ह्यांतला अंधार पूर्वीं किती दाट वस्तीचा होता हें दिसतें. वेताळ हा भुतांचा राजा, मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यांत, समंध, खवीस, हडळ, झोटिंग, प्रत्येकाची जात निराळी आणि जागा निराळी. आमच्या आजीच्या गोष्टींत तर यांचे नियमहि ठरलेले असत. कोणत्या झाडाखालीं तिन्हीसांजेनंतर उभें राहूं नये, कोणी हांक मारल्यास पहिल्या हांकेस ओ देऊं नये, चकव्यानें वाट चुकविली तर काय करावें, हें सारें मुलांस पाठ असे. म्हणजे अंधारास एक नकाशा होता. भीति होती, पण ती गांवांतल्या एखाद्या तापट म्हाताऱ्याच्या भीतीसारखी होती. त्याच्या घरावरून कसें जावें हें ठाऊक असलें म्हणजे झालें.

‘ओरायन’मधील रात्रीचीं पात्रें या वस्तीशीं ताडून पाहण्यासारखीं आहेत. आमचे वेताळ आणि मुंजे हे अंधाराचे वतनदार होते. हीं पात्रें अंधाराच्या कचेरींतलीं नोकरमाणसें आहेत. त्यांस कामाचे तास आहेत, वरिष्ठाबद्दल तक्रारी आहेत, आणि दुसरीकडे बरी जागा मिळाली तर तीं राजीनामाहि देतात. या कल्पनेंत विनोद आहे आणि मुलें त्यास मनापासून हंसतात. शिवाय एक न्यायहि आहे. आमच्या जुन्या समजुतींचें कौतुक करतांना त्यांतील निर्दयपणा विसरतां येत नाहीं. बाळंतपणांत मेलेल्या स्त्रीस हडळ ठरवून तिला भ्यावयाचें, आणि अल्पवयांत गेलेल्या बटूस पिंपळाशीं बांधून टाकावयाचें, यांत शोकापेक्षां भयाचा वांटा मोठा होता. या चित्रपटांतील अंधार कोणाचा सूड घेण्यास येत नाहीं, ही मोठीच सुधारणा होय. परंतु या व्यवहारांत एक वस्तु हरवली आहे, ती म्हणजे दरारा. ज्याची कींव येते त्याची भीति वाटत नाहीं हें खरें. पण त्याच्याविषयीं आदरहि फारसा वाटत नाहीं. रात्रींच्या समुद्राकडे किंवा चांदण्यांनीं भरलेल्या आभाळाकडे पाहतांना मुलाच्या अंगावर जो कांटा उभा राहतो, त्यांत भय आणि आनंद हे वेगळे करतां येत नाहींत. चित्रपटानें भय काढून घेतलें आणि त्याच्याबरोबर तो कांटाहि गेला.

याचें कारण त्याच्या वाचाळपणांत आहे. चित्रपटाचा विषय अंधार. पण पडद्यावर अंधार असा टिकतच नाहीं. जेथें अंधार यावयाचा तेथें गप्पिष्ट अंधारराव येतात. शांतता हें ज्यांतील एक पात्र आहे, त्या चित्रपटांत शांततेस बोलण्याची, म्हणजे इतरांनीं गप्प बसण्याची, संधि क्वचितच मिळते. वर्नर हरझॉग या जर्मन दिग्दर्शकाचा गंभीर आवाज वापरून अंधारानें स्वतःवर काढलेला एक छोटा चित्रपट मध्यें दाखविला आहे. त्यांतील थट्टा मला कळली आणि आवडली, पण शेजारीं बसलेल्या सहा वर्षांच्या नातवास कळली नाहीं. बालवाङ्मयांत लेखकानें मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांकडे पाहून डोळा मिचकावला, तर मुलास तें समजत नाहीं. मात्र आपणांस वगळलें आहे, एवढें त्यास नेमकें समजतें.

तथापि उत्तरार्धांत एक विचार असा आला आहे कीं, त्यासाठीं हे दोष पोटांत घालावेत. अंधार नाहींसा झाल्यावर जगाचें काय होईल, हा तो विचार. आपल्या प्रार्थना आपणांस अंधाराकडून उजेडाकडे नेण्यास सांगतात, त्यामुळें अंधार म्हणजे अज्ञान आणि पाप, हें समीकरण आपल्या हाडींमासीं खिळलें आहे. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील रात्रीसूक्त ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस ठाऊक आहे कीं तेथें रात्र ही देवी आहे, उषेची बहीण आहे. लांडग्यास आणि चोरास दूर ठेवून तूं आम्हांस सुखरूप पलीकडे ने, अशी प्रार्थना तिलाच केली आहे. आणि रात्रीची गरज माणसासच आहे असें नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत, मंडणगड तालुक्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कांसवें अंडीं घालतात. वाळूंतून बाहेर पडलेलें पिलूं रात्रीं समुद्रावरच्या अंधुक उजेडाच्या रोखानें चालूं लागतें; किनाऱ्यावर विजेचे प्रखर दिवे असले तर तें त्यांनाच समुद्र समजतें आणि उलट दिशेस जाऊन मरतें. उजेडानेंहि वाट चुकते, ही गोष्ट चित्रपटानें मुलांस हंसतखेळत सांगितली आहे.

नायकाच्या नांवाबद्दलहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. ओरायन म्हणजे आपलें मृग नक्षत्र. रत्नागिरीस जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं १८९३ मध्यें याच नांवाचा ग्रंथ लिहून, वसंतसंपात मृगांत असल्याच्या वैदिक उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचें अनुमान मान्य असो वा नसो, त्याच्या बुडाशीं एक साधी गोष्ट आहे. हजारों वर्षांपूर्वीं कोणीतरी माणसें काळोखांत बाहेर उभीं राहून वर पाहत होतीं. चित्रपटांतील ओरायन, हायपेशिया आणि पुढें येणारा टायको हीं तिन्ही नांवें आकाशाशीं आणि आकाशाच्या अभ्यासकांशीं निगडित आहेत, हें लेखकानें सहज केलेलें नाहीं. ज्याला तारे पाहावयाचे आहेत त्याला अंधार सोसलाच पाहिजे.

शेवटाकडे हायपेशिया बापाच्या गोष्टींत स्वतःच शिरते, तिला तीं सोपीं उत्तरें पटत नाहींत, आणि गोष्ट पुढें नेण्याचें काम ती आपल्या हातीं घेते. मग तिच्याहि पुढच्या पिढीचा मुलगा मदतीस येतो. येथें कथानकाची गुंतागुंत होते आणि लहान प्रेक्षक गोंधळतात. तरीहि हा भाग मला सर्वांत खरा वाटला, आणि तसें वाटण्यास एक घरगुती कारण घडलें.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मुलगी नातवासह आली असतांना आम्ही हा चित्रपट पाहिला. त्यानंतर दोनच दिवसांनीं वळवाच्या पावसांत वीज गेली. आगरांतल्या माडांच्या झावळ्या आपटत होत्या. नातू रडूं लागला. मीं संवयीनें विजेरी शोधूं लागलों. मुलगी म्हणाली, “बाबा, राहूं दे.” तिनें त्यास पडवींत नेलें, मांडीवर घेतलें आणि सांगितलें, “मीसुद्धां फार भीत असें. तुझ्या आजोबांनाहि भीति वाटते. विचार हवें तर.” त्यानें विचारलें. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. मीं अंधारांत उत्तर दिलें, “होय, वाटते.” आणि मुलीस पांचव्या वर्षीं जें सांगावयास हवें होतें, तें तिच्या मुलास सांगितल्यावर माझेंहि मन हलकें झालें. थोड्या वेळानें रडें थांबलें आणि नातवानें चौकशी केली कीं, आभाळांतला ओरायन कोठें आहे. तो आतां सूर्याजवळ गेला आहे, मीं म्हटलें. आठ-दहा दिवसांत सूर्य मृगांत जाईल आणि पाऊस येईल. मग थंडीच्या दिवसांत तूं पुन्हां ये, म्हणजे तो तुला भेटेल.

सारांश, ‘ओरायन अँड द डार्क’ ही थोर कलाकृति नव्हे. ती फार बोलते, फार धांवते, आणि ज्या अंधाराची बाजू मांडते त्यालाच पडद्यावर बसूं देत नाहीं. परंतु तिच्या गाभ्यांत एक बाप आपल्या मुलीजवळ बसून आपलें भय कबूल करतो, आणि ती कबुलीच मुलीचा आधार होते. तेवढ्यासाठीं हा चित्रपट मुलांबरोबर अवश्य पाहावा. मुलांस पडद्यासमोर बसवून आपण दुसऱ्या खोलींत जाऊं नये. नाहीं तर बागुलबुवाचें जें काम होतें, तेंच आपण पडद्याकडे दिलें असें होईल. आणि चित्रपट संपल्यावर पडदा व दिवा दोन्ही बंद करून थोडा वेळ तसेंच एकत्र बसावें. चित्रपटांत जें राहून गेलें आहे तें तेथें मिळेल.