बर्न्सकृत टेम्पलर-इतिहास

मुंबई लष्कराचे डॉक्टर व पश्चिम हिंदुस्थानांतील फ्रीमेसनांचे प्रमुख जेम्स बर्न्स यांनीं १८३७ सालीं टेम्पलर धर्मयोद्ध्यांचा संक्षिप्त इतिहास प्रसिद्ध केला. ग्रंथ वाचनीय आहे. पण त्या पंथाची परंपरा अखंड ठरविण्यास ते १३२४ ची म्हणविणारी लार्मेनियसची सनद प्रमाण धरतात. एकाच लेखावर जवळजवळ पांच शतकांच्या प्रमुखांच्या सह्या! वऱ्हाडांतील वतनदारांच्या वंशावळी आम्हीं यवतमाळास पुष्कळ चाळल्या; इतका नीटनेटकेपणा दिसला कीं शंका येतेच. ही सनद विद्वानांनीं बनावट ठरविली आहे. बर्न्सांची योग्यता मात्र तिच्यावर मुळींच अवलंबून नाहीं. इतरत्र नाकारल्या गेलेल्या माणकजी कर्सेटजींसारख्या हिंदी गृहस्थांसाठीं त्यांनीं १८४३ त मुंबईंत ‘रायझिंग स्टार’ लॉज उघडली. संग्राहकांनीं सनदेच्या नकलांपेक्षां त्या लॉजचे कागद मिळवावे.