चेहरा नसलेली बाई

चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता, तिथे टीव्ही बनत. आमच्या घरात टीव्ही नव्हता. 1995 साली कार्टून नेटवर्क भारतात आले, त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. आई ज्या घरी भांडी घाशी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर बसून मी 'टॉम अँड जेरी' पाहिले. आत यायचे नाही हे कुणी सांगावे लागत नव्हते. पडद्यावर मांजर ताटल्या फोडी आणि झाडू घेऊन एक काळी बाई धावून येई. तिचे जाड पाय, सपाता आणि झाडू एवढेच दिसे. मी पोट धरून हसे. एकदा आईने विचारले, "बाईचं तोंड काहून दावत नाहीत रे?"

हॅना-बार्बेरा जोडीच्या 1940 मधील पहिल्याच लघुपटात ही मोलकरीण आहे. 1952 पर्यंत ती राहिली. आवाज लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीचा. श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. कॅमेरा मांजराच्या उंचीवर असतो म्हणून चेहरा दिसत नाही, असे समर्थन केले जाते. मग 1958 च्या 'टॉट वॉचर्स'मध्ये बाळ सांभाळायला आलेल्या गोऱ्या मुलीचा चेहरा कसा दिसतो?

1950 च्या 'सॅटर्डे इव्हनिंग पुस'मध्ये ही बाई नटूनथटून मैत्रिणींकडे पत्ते खेळायला जाते. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच संध्याकाळ. मांजरांच्या गोंधळापायी तीही मोडते, आणि ती घराकडे धावत सुटते तेव्हा चेहरा क्षणभर दिसतो. काळ्यांच्या संघटनांचे आक्षेप वाढल्यावर साठीच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी चित्रे बदलली. या लघुपटात तिच्या जागी सडपातळ गोरी तरुणी आली. अपमान पुसताना तिची संध्याकाळही दुसरीला देऊन टाकली. याला मी सुधारणा म्हणणार नाही.

1972 साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. काळ्यांच्या क्रोधाशी आपण नाते जोडले. त्यांच्यावर हसणाऱ्यांत आपणही बसलो होतो, हे फारसे तपासले नाही. मराठी मालिकांतल्या मोलकरणीला चेहरा असतो, पण हशा हवा असला की तिच्या तोंडी आमची बोली घालतात.

गेल्या वर्षी हे सारे वर्गात सांगितले. आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला, तेव्हा 'काहून'वर मुले हसली. त्यांतली निम्मी घरी तोच शब्द बोलतात.