शोधवृत्तातील कर्ता

शोधपत्रकारितेस कथनतंत्र साहाय्यक ठरते की मारक, हा प्रश्न सामान्यतः अभिरुचीचा समजला जातो. आमच्या मते तो बऱ्याच अंशी व्याकरणाचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयी एप्रिल २०१९ पासून जे वृत्तान्त प्रसिद्ध झाले, त्यांवरून हे पाहता येईल.

या वृत्तान्तांची घडण बहुधा ठरीव असते. प्रारंभी एक स्त्री, तिचे वय, तिची कोपी, मग वेदना, मग दवाखाना. वाचक थांबतो तो या स्त्रीपाशी. या कहाण्या लोकांपुढे आल्या नसत्या तर शासनाने त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली असती, असे वाटत नाही. कथनाचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि कथेला कर्ता लागतो. बायका नुसते ‘पिशवी काढली’ म्हणतात. मराठीत अशा वाक्यातील कर्ता अध्याहृत राहू शकतो. त्याचे ‘तिने गर्भाशय काढून घेतले’ असे झाले की निर्णय तिचा ठरतो. ‘मुकादमाने काढावयास लावले’ म्हटले की खलपुरुष सापडतो व गोष्ट पुरी होते. शस्त्रक्रियेचा सल्ला देणारा डॉक्टर आणि मुकादमामार्फत मजूर नेणारा कारखाना, दोघेही वाक्याबाहेरच राहतात. शोध घ्यावयाचा तो नेमका या रिकाम्या जागेचा.

‘गर्भाशय नसलेल्या स्त्रियांची गावे’ अशा अर्थाचे मथळेही झाले. समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सुमारे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन पाहण्यांची तुलना जपूनच करावयास हवी. पण मूळ आकडाच इतका भीषण असता त्याला अख्ख्या गावाची अतिशयोक्ती कशाला? ज्यांना प्रकरण झटकून टाकावयाचे असते, त्यांची तिने सोयच होते.

खरे कारण व्यवसायाच्या बोलीत आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’. हंगामापूर्वी ‘उचल’ घ्यावयाची आणि काम चुकले की ‘खाडा’, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांत तिने विसावा घेतला तर खाडा तिच्या एकटीचा नसतो, कोयत्याचा असतो. ही नामे पुष्कळदा स्थानिक रंगापुरती वापरली जातात. वस्तुतः शस्त्रक्रियेकडे ढकलणारा हिशोब त्यांतच साठलेला आहे.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स व फुलर प्रोजेक्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात कथा होतीच. मात्र तिचा माग बाईपाशी न थांबता साखरेमागून कोका-कोला व पेप्सीको यांच्यापर्यंत गेला, आणि मुकादमाच्या आड असलेला कारखाना वाक्यात आला.